न बोलणाऱ्या मुलाचं ‘तोंडी काम’ कसं तपासायचं?



सत्राचा शेवट आला की आपण सगळेच आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी घेऊन बसतो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय... एकेक रकाना भरत जातो. वीस-बावीस मुलांचं भराभर होतं. मग एक नाव असं येतं की ‘तोंडी काम’ या रकान्यापाशी पेन अडतं. ते मूल बोलत नाही. सेरेब्रल पाल्सी असेल, स्वमग्नता असेल, अजून काही असेल. त्याला ऐकू येतं, समजतंही असं आपल्याला वाटतं, पण तोंडातून शब्द येत नाही. किंवा येतो तो आईशिवाय कोणालाच कळत नाही. आता या रकान्यात लिहायचं काय?

मी जे पाहिलंय त्यात तीन तऱ्हा आहेत. काही जण सरळ रेघ मारतात. काही जण ‘बिचारं रोज शाळेत तर येतं’ म्हणून पासापुरते गुण देऊन टाकतात. आणि काही जण शेजारच्या रकान्यांची सरासरी काढून मधला एक आकडा लिहितात. तिसरी तऱ्हा दिसायला सगळ्यात नीटनेटकी. पण तिन्हींत मुलाचं मूल्यमापन झालेलंच नसतं. मला तर दयेचे गुण रेघेपेक्षा जास्त खटकतात. रेघ पाहून पुढचा शिक्षक निदान विचारेल तरी की इथे काय झालं. ‘ब-२’ पाहून कोण विचारणार?

माझं म्हणणं असं आहे, की बोलणं वेगळं आणि सांगणं वेगळं. आपल्याला तपासायचं असतं ते सांगणं. आणि जे मूल चित्रावर बोट ठेवून, नजरेने किंवा यंत्राच्या आवाजाने सांगतं, त्याची परीक्षा घेताना अर्धी परीक्षा आपलीच होत असते. त्याच्यापुढे कोणती चित्रं ठेवली, उत्तरासाठी किती थांबलो, सांगण्यासारखं काही घडू दिलं का, हे सगळं न बघता दिलेला आकडा मुलाचा नसतो.

या पद्धतींना ‘ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन’ म्हणतात, थोडक्यात एएसी. मराठीत पूरक आणि पर्यायी संवाद. नाव मोठं आहे, गोष्ट तेवढी मोठी नाही. मान हलवून ‘हो’ सांगणं, खुणा, वस्तू दाखवणं, चित्रांचा फलक, अक्षरांचा तक्ता, मोबाइल-टॅबवरचं ॲप, हे सगळं यात येतं. गालाच्या हालचालीने संगणक चालवून जगाशी बोलणारे स्टीफन हॉकिंग हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात ‘जेलो’ नावाचं ॲप तयार झालंय. ते मोफत आहे, मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की मोबाइल बोलतो. आवडतं-आवडत नाही, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं बाजूला असतात, म्हणजे मूल नुसतं वस्तूचं नाव घेऊन थांबत नाही, त्या वस्तूबद्दल आपलं मतही देतं. ज्यांच्या गावात रेंज आणि वीज बरी आहे त्यांनी जरूर वापरून बघावं.

आपल्या अकोले तालुक्याचं मात्र वेगळं आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्याला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. जुलैत वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ शोधायचे तर नाशिक-पुण्याकडे बघावं लागतं. त्यामुळे माझा भर पुठ्ठ्याच्या, प्लॅस्टिकचं आवरण घातलेल्या फलकावर आहे. तो भिजत नाही आणि त्याला चार्जर लागत नाही. शिवाय दप्तरात मावतो.

‘पण नियमात कुठे बसतं हे?’ असं कोणी विचारेल म्हणून सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाची व्याख्याच दिली आहे. त्यात ब्रेल आहे, सांकेतिक भाषा आहे, चित्रं आणि दृश्य मांडणी आहे, सोपी भाषा आहे आणि पूरक व पर्यायी पद्धतीही आहेत. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये अशा पद्धतींच्या वापराला चालना देणं आणि अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करणं या सरकारच्या जबाबदाऱ्या म्हणून लिहिल्या आहेत. आणि आपलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३० असा भारांश ठरला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे लहान वर्गांत जास्त वजन रोजच्या निरीक्षणालाच. न बोलणाऱ्या मुलासाठी यापेक्षा सोयीची पद्धत दुसरी कुठली असणार? अडचण पद्धतीत नाही, ‘तोंडी’ या शब्दाचा अर्थ आपण फक्त तोंडापुरता धरतो त्यात आहे.

लेखी परीक्षेचा विचार करा. ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. त्यावर आता कोणी ‘मग त्याचं लेखन कसं तपासणार?’ असं म्हणत नाही. हात चालत नसला तरी ज्ञान असू शकतं हे आपण मान्य केलंय. तोंड चालत नसलं तरी म्हणणं असू शकतं, हे मान्य करायला मात्र जड जातं.

मुंबईतलं एक उदाहरण सांगते. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मुलीसाठी इथे योग्य शाळा नाही हे बघून मिठूताईंनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. आज ती संस्था ‘अदाप्त’ नावाने ओळखली जाते. मालिनी यांचं बोलणं नवख्या माणसाला कळत नाही. त्या एका बोटाने टाइप करून बोलतात. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, पुढे लंडनला पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि एका बोटाने टाइप करत स्वतःचं आत्मकथन लिहिलं. त्याचं नावच ‘वन लिटल फिंगर’. आता अशा मुलीला पहिलीत असताना कोणी ‘तोंडी काम – निरंक’ लिहिलं असतं, तर ते कागदोपत्री बरोबरच दिसलं असतं. कोणीही सही केली असती. मला भीती वाटते ती या बरोबर दिसण्याची.

अर्थात प्रत्येक मूल मालिनी होईल असं मी म्हणत नाही. आपल्या वर्गातलं एखादं मूल दहा चित्रांपुढे जाणारही नाही. पण ते आधी ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. अ‍ॅन डोनेलन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८४ मध्ये यासाठी एक साधा निकष दिला होता: नक्की माहिती नसेल तेव्हा असं गृहीत धरा, की ते चुकीचं निघालं तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल. मुलाला समजतं असं धरून आपण गोष्ट सांगितली आणि त्याला समजली नाही, तर दहा मिनिटं गेली. समजत नाही असं धरून सांगितलीच नाही आणि त्याला समजत होतं, तर त्याचं बालपण गेलं.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ. माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आहे. तिचं नाव-गाव लिहीत नाही. ती ‘हो’ म्हणायला डोळे वर नेते आणि ‘नाही’साठी तोंड डावीकडे वळवते. उजव्या हाताच्या मुठीने फलकावरची चित्रं दाखवते. मूठ चित्रावर पोहोचायला वेळ लागतो. ‘समदं कळतंय तिला, बाई,’ असं तिची आई पहिल्या दिवशीच म्हणाली होती. आईच्या या वाक्याला आपण बहुधा माया समजून सोडून देतो. माझ्या मते ती मूल्यमापनाची पहिली नोंद आहे. मुलाला सगळ्यात जास्त तास बघणाऱ्या व्यक्तीने दिलेली. फक्त तिथे थांबायचं नाही. ‘कशावरून कळलं तुम्हाला?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचं. तिची आई म्हणाली, शेळी दावं तोडून निघाली की ही ओरडते, पण शेजारच्यांची शेळी असेल तर नाही ओरडत. बघा, केवढी माहिती आहे या एका वाक्यात! आपलं-परकं कळतं, धोका कळतो, आणि कोणाला तरी बोलवायचं असतं हे कळतं.

सगळ्यात आधी तपासायचं ते ‘हो’ आणि ‘नाही’ पक्कं आहे का. उत्तर आपल्याला माहीत आहे असे प्रश्न विचारायचे. तिला दुसरीच्याच नावाने हाक मारून ‘हे तुझं नाव का?’ विचारायचं. हातात खडू धरून ‘ही चपाती आहे ना?’ म्हणायचं. मुलं यात हसतात, आणि ते हसणंही नोंदवण्यासारखं असतं. वेगवेगळ्या दिवशी असं करून बघितलं की ‘हो-नाही’ किती भरवशाचं आहे ते समजतं. एकदा कळलं की मात्र ही उलटतपासणी थांबवावी. काही ठिकाणी मी पाहिलंय, तीन-तीन वर्षं मुलाला ‘सफरचंद दाखव, केळं दाखव’ एवढंच चालू असतं. बाईंना सफरचंद माहीत, मुलाला सफरचंद माहीत, सफरचंद समोर. यात सांगायचं काय राहिलं? मूल कंटाळून मान फिरवतं आणि आपण लिहितो ‘प्रतिसाद देत नाही’. खरं तर त्याने प्रतिसादच दिलेला असतो.

संवाद तपासायचा तर ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगणाऱ्याकडे असलं पाहिजे. म्हणून आमच्या वर्गात एक खेळ आहे. मी वर्गातल्या एका मुलाला बाहेर पाठवते, बाकीच्यांसमोर एक वस्तू लपवते. आत आल्यावर त्याने फक्त या मुलीला विचारायचं. ती फलकावर ‘खाली’, ‘आत’, ‘खिडकी’ अशी चित्रं दाखवते. वस्तू सापडते किंवा नाही सापडत. मला गुण देण्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही. शिवाय बघणारी मी असते, संवाद दोन मुलांमध्ये असतो. शिक्षक समोर असला की मूल उत्तर देतं, सोबती असला की बोलतं. हा फरक बोलणाऱ्या मुलांतही आहेच की!

परिसर अभ्यासाच्या तासाला एकदा पाण्याचा विषय चालू होता. ‘तुमच्या घरी पाणी कुठून येतं?’ मुलं भराभर सांगत होती, नळ, विहीर, टाकी. हिची मूठ हळूहळू ‘आई’वर गेली, मग ‘वर’ या चित्रावर. मी म्हटलं, ‘आई वर गेलीय?’ तोंड डावीकडे. ‘वरून पाणी पडतं, पाऊस?’ पुन्हा डावीकडे, आता जरा जोरात. ‘आई वरून पाणी आणते?’ डोळे वर. वस्तीच्या वरच्या अंगाला झरा आहे, तिथून तिची आई हंडे आणते. बाकीच्या वर्गाने जागा सांगितली होती. हिने कोण आणतं तेही सांगितलं, दोन चित्रांत.

या प्रसंगाची नोंद कशी करायची, यात माझ्या म्हणण्याचं सार आहे. ‘दोन शब्दांचं वाक्य केलं’ एवढी नोंद अपुरी आहे. मी लिहिलं ते असं: ‘विचारल्यावर फलकावरील दोन चित्रे स्वतः निवडून माहिती दिली. शिक्षिकेचे दोन चुकीचे अंदाज नाकारले, तिसरा बरोबर अंदाज स्वीकारला. मदत – फलक धरला, हाताला स्पर्श नाही. प्रतिसादाला साधारण अर्धा मिनिट.’ यात ती काय म्हणाली आहे, कशी म्हणाली आहे, मला किती अंदाज करावा लागला तेही आहे. चुकीचे अंदाज नाकारले, हे माझ्या मते सर्वांत मोलाचं. जे मूल बाईंना ‘नाही, तसं नाही’ सांगतं, त्याच्याकडे स्वतःचं म्हणणं आहे याला दुसरा पुरावा लागत नाही.

‘हाताला स्पर्श नाही’ हे मुद्दाम लिहिलंय. हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. मुलाचा हात धरून त्याचं बोट अक्षरांवर किंवा चित्रांवर नेण्याची एक पद्धत परदेशात फार गाजली होती. १९९० च्या दशकात तिच्या तपासण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरंच चित्र दाखवलं, तर उत्तर यायचं ते हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं. धरणारी माणसं लबाड नव्हती, त्यांनाही कळत नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या ‘आशा’ या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडेही प्रेमापोटी हात धरला जातो, विशेषतः तपासणीला कोणी आलं की. मूल बरोबर चित्रावर जातं, सगळे टाळ्या वाजवतात. पण ती टाळी कोणासाठी? आधार द्यायचाच तर खुर्चीला द्या, पायाखाली पाट द्या, फलक तिरका करून त्याच्या हाताजवळ आणा. बोट मात्र त्याचं त्यालाच नेऊ द्या.

फलकावर काय आहे, हा पुढचा प्रश्न. मी पाहिलेल्या बऱ्याच फलकांवर चारच चित्रं असतात: पाणी, जेवण, शू, झोप. अशा फलकावर मूल फक्त मागू शकतं. मग आपणच नोंद करतो की ‘केवळ गरजा व्यक्त करते’. अहो, दुसरं काही व्यक्त करायला ठेवलंय कुठे? चॅरिटी रोलंड यांनी १९९० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या ‘कम्युनिकेशन मॅट्रिक्स’मध्ये माणूस कशासाठी संवाद करतो याची चार कारणं धरली आहेत: नाकारणं, मिळवणं, माणसांशी जोडून घेणं, आणि माहिती देणं-घेणं. कोणत्याही मुलाच्या आठवड्याभराच्या नोंदी या चार कारणांत वाटून बघा. एक रकाना रिकामा दिसला, तर मुलाला येत नाही असं म्हणण्याआधी त्या कारणासाठी फलकावर चित्र आहे का ते तपासा. ‘नको’, ‘आणखी’, ‘बस झालं’, ‘माझं’, ‘कुठे’, ‘कोण’, ‘गंमत’, ‘मला राग आला’ हे शब्द नळाच्या आणि ताटाच्या चित्रांपेक्षा दिवसातून जास्त वेळा लागतात.

आणि शब्द कुठले? इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यात पिझ्झा असतो, पोहण्याचा तलाव असतो. आमच्या मुलांच्या घरात नागली असते, वरई असते, भाताची आवणी असते, पावसात डोक्यावर इरलं असतं. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतल्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी. बोलणारं मूल शाळेत आलं की दोन-तीन महिन्यांत पुस्तकी शब्द उचलतं. फलकावर बोलणाऱ्या मुलाला मात्र आपण जो शब्द देऊ तोच मिळतो, त्याच्या भाषेवर आपली एवढी सत्ता असते. ‘नाचणी’ असं लिहिलेलं चित्र तिने ओळखलं नाही म्हणून तिला शब्दसंपत्ती कमी, असा निष्कर्ष काढायचा? मी चित्राखालचा शब्द ‘नागली’ केला. बोहाड्याचं चित्र तिच्या आजीच्या सांगण्यावरून आलं, आणि त्यावर ती सगळ्यात जास्त वेळा मूठ ठेवते. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत आणि गावरान बियाण्यांच्या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. आपल्या प्रश्नपत्रिकेत न मावणारं ज्ञान असतं हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. (हे जरा विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

वेळेचं काय? निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द समजून वाचणं हे ध्येय आहे. ध्येयाबद्दल माझी तक्रार नाही, बोलून वाचणाऱ्या मुलांसाठी ते उपयोगी आहे. पण सरावलेली मोठी माणसंसुद्धा एएसीने बोलताना बहुधा मिनिटाला १५ शब्दांच्या आतच असतात. म्हणजे या मुलांपुढे घड्याळ ठेवलं तर आपण हाताचा वेग मोजणार, आकलन नाही. वाचनाचं आकलन तपासायला उतारा आपण वाचावा किंवा तिला मनात वाचू द्यावा, नंतर चार पर्याय चित्रांनी द्यावेत. त्यात ‘यातलं एकही नाही’ हा पर्याय ठेवायला विसरू नका. रोजच्या वर्गातही प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. करून बघा, दहा आकडे फार लांब वाटतात. आपल्यातले बरेच जण चारवर स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

सहकाऱ्यांशी बोलताना दोन हरकती नेहमी येतात. एक, ‘फलक दिला की मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल.’ ही भीती पालकांनाही असते आणि ती समजण्यासारखी आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भरवशाच्या ठरलेल्या २७ जणांच्या नोंदींत एएसी वापरल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, जरी थोडंसंच. तेव्हा पालकांना ‘फलकामुळे बोलायला लागेल’ असं आश्वासन देऊ नये, पण ‘फलकामुळे बोलणं जाईल’ ही भीती नक्की काढावी.

दुसरी हरकत वेळेची. द्विशिक्षकी शाळा, एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहित्या. ही हरकत खरी आहे, मी ती खोडणार नाही. गट साधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकांकडेही इतक्या शाळा असतात की त्यांना रोज येणं शक्यच नसतं. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप भरून घेतलं जातं, पण ती प्राथमिक चाळणी आहे. मुलाला कशात अडचण असू शकेल ते ती सांगते, मूल काय सांगू शकतं ते सांगत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागणार. माझा अनुभव असा, की आठवड्याला तीन नोंदी, प्रत्येकी तीन-चार ओळींच्या, एवढं जमतं. वर्गातली मुलं फलक वाचायला माझ्याआधी शिकली, त्यामुळे अर्धं काम तीच करतात. कधी कधी तीच येऊन सांगतात, ‘बाई, ती म्हणतेय उद्या येणार नाही.’ विचारायला गेलं तर खरं निघतं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण सांगते. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मुलं दुसऱ्या गावाला जातात किंवा आश्रमशाळेत. तिथल्या शिक्षकांच्या हातात मुलाआधी त्याचा कागद पडतो. त्या कागदावर ‘बोलत नाही’ एवढंच असेल, तर पुढचं बोलणं ठरलेलं असतं: ‘हिला इथे कसं जमणार, गृहाधारित शिक्षणाला नाव टाकू या.’ शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला, हे खरं. पण निवडायचा हक्क मुलाचा आहे, शाळेने आपल्या सोयीसाठी वापरायचा नाही. शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्कही २०१६ च्या कायद्याने तिला अठराव्या वर्षापर्यंत दिलेला आहे. एका रकान्यातल्या आळसामुळे एखादी मुलगी शाळेबाहेर जाऊ शकते, असं म्हटलं तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. ज्यांनी दाखले लिहिलेत त्यांना वाटणार नाही.

शिवाय बदल्या आहेतच. मी गेले की ‘डोळे वर म्हणजे हो’ हे ज्ञानही माझ्याबरोबर जाणार. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात सॅली मिलर यांनी अशा मुलांसाठी ‘कम्युनिकेशन पासपोर्ट’ ही कल्पना रुजवली. मुलाच्याच तोंडी, सोप्या भाषेत दिलेली ओळख. नवीन माणसाने पाच मिनिटांत वाचावी आणि मुलाशी बोलायला लागावं. मी त्याला ‘संवाद-ओळख’ म्हणते. मजकूर मी सुचवला, प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली आणि डोळे वर गेले तरच ठेवली. दोन ओळी तिने काढायला लावल्या. त्यातली एक ‘मला सगळ्यांशी खेळायला आवडतं’ ही होती.

राहिलेल्या ओळी अशा आहेत:

‘मी हो म्हणताना वर बघते. नाही म्हणताना तोंड डावीकडे वळवते. मला प्रश्न विचारला की थांबा, माझ्या हाताला वेळ लागतो. माझा हात धरू नका, फलक धरा. माझ्याबद्दल आईला विचारायचं असेल तर माझ्यासमोर विचारा. मला गोष्टी आवडतात, भुताच्या जास्त. गणितात मला वजाबाकी येते, पर्याय चित्रात द्या. माझ्या फलकावर वरच्या कोपऱ्यात “तुम्हाला कळलं नाही” असं चित्र आहे. मी ते दाखवलं तर पुन्हा विचारा.’

हे पान प्रगतिपत्रकाला टाचून पाठवणार आहे. एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक आईकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि एक विशेष शिक्षकांच्या फाइलला. पुढच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी दहा मिनिटं मागितली आहेत. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर त्याच्या फलकावर आत्ता कोणते शब्द आहेत ते लिहून आणा. बाकीचं तिथे बोलू.